कोकेन सुटलं, पण माणूस असा मरगळलेला का? घरच्यांसाठी पहिल्या तीन महिन्यांची तयारी

कोकेन सोडलेल्या माणसाच्या घरात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक भांडण हमखास होतं. आई म्हणते आम्ही एवढं करतोय तरी तोंड पाडून का बसलायस, तो म्हणतो मला काही वाटतच नाहीये, आणि बाबा आतल्या खोलीतून ओरडतात की नाटकं आहेत सगळी, ऑफिसला जायला नको म्हणून. मी नवी मुंबईत फार्मसी कॉलेजला फार्माकॉलॉजी शिकवते, त्यामुळे ओळखीतल्या लोकांच्या घरी असलं काही झालं की दबक्या आवाजात मलाच फोन येतो, आणि दर वेळी माझं पहिलं वाक्य हेच असतं की तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच काही वाटत नाहीये, आणि त्यामागे मेंदूतल्या डोपामिन रिसेप्टरचा हिशोब आहे. तो हिशोब घरच्यांना कळला की पुढचे तीन महिने कसे काढायचे ते बरंचसं आपोआप सुचतं, म्हणून आधी तो सांगते, मग करायच्या गोष्टी. मधलं गाळून थेट खाली जाऊ नका प्लीज.

आणि हो, "आपल्याकडे कुठे कोकेन, ते सगळं फिल्मवाल्यांचं" हे डोक्यातून काढा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या न्हावा शेवा बंदरात हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून डीआरआयने, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याने, ५० किलो कोकेन पकडलं होतं. ते सगळं इथेच विकायला होतं असं माझं म्हणणं नाही, पण घोडबंदरच्या टॉवरमधली, ऐरोलीच्या आयटी पार्कात बऱ्या पगारावर असलेली पोरंही यात सापडतात, आणि त्यांच्या घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं.

तर आता मेंदू. डोपामिन हे मेंदूतलं एक केमिकल, एक पेशी ते सोडते, समोरच्या पेशीवरचे रिसेप्टर ते पकडतात, निरोप पोचला की पहिली पेशी उरलेलं डोपामिन परत आत ओढून घेते. हे परत ओढणारं जे प्रोटीन आहे त्याला डोपामिन ट्रान्सपोर्टर म्हणतात. कोकेन जाऊन बसतं ते या ट्रान्सपोर्टरवर, रिसेप्टरवर नाही, हे खूप जणांना उलटं माहीत असतं, माझ्या विद्यार्थ्यांनाही. ट्रान्सपोर्टर अडला की डोपामिन परत जाऊच शकत नाही, बाहेर साचत राहतं आणि समोरच्या रिसेप्टरवर मारा चालू राहतो. अमेरिकेत नोरा वोल्कोव यांच्या टीमने १९९७ मध्ये पेट स्कॅन (मेंदूत काय चाललंय ते दाखवणारा PET स्कॅन) करून दाखवलं की निदान ४७ टक्के ट्रान्सपोर्टर अडले तरच माणसाला "हाय" जाणवतो, आणि कोकेन घेणारे सहसा जो डोस घेतात त्यात ६० ते ७७ टक्के अडतात. जेवण, शाबासकी, क्रिकेटची मॅच जिंकणं, यातल्या कशानेही ट्रान्सपोर्टर असा बंद पडत नाही. तिथे थोडं डोपामिन सुटतं, आपलं काम करतं आणि परत जातं.

एवढा मारा रोज झाला तर रिसेप्टर काय करणार? गणपतीत खिडकीखाली डीजेची भिंत लागली की आपण काय करतो, खिडक्या लावून घेतो. डीजे रोजच वाजायला लागला तर खिडकी उघडायचं आपण सोडूनच देतो. मग एक दिवस डीजे जातो, पण खिडक्या अजून बंदच, त्यामुळे खालून भाजीवाल्याची हाक येत नाही, शेजारच्या पोरीची पेटीची प्रॅक्टिस येत नाही, घर एकदम मुकं वाटायला लागतं. कोकेन सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे होतं ते साधारण हे.

रिसेप्टरचे पाच प्रकार आहेत, डी१ ते डी५, पण कामाच्या दृष्टीने दोन घराणी धरा, डी१ आणि डी५ एकीकडे, डी२, डी३, डी४ दुसरीकडे. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम म्हणून भाग आहे, तिथे डी१ असलेल्या पेशी ढोबळमानाने "चल, कर" म्हणणाऱ्या आणि डी२ असलेल्या पेशी "थांब जरा" म्हणणाऱ्या. वर्षानुवर्षं कोकेन घेतलेल्या माणसांच्या स्कॅनमध्ये डी२ कमी दिसतात हे १९९० पासून वेगवेगळ्या स्कॅनमधून पुढे येत गेलं. १९९३ च्या कामात आणखी दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे कोकेन बंद करून तीन-चार महिने झाले तरी डी२ कमीच होते, आणि दुसरी, ज्यांचे डी२ कमी त्यांच्या कपाळामागच्या भागाचं काम पण मंदावलेलं. तोच भाग जो आपल्याला नको म्हणायला, उद्याचा विचार करायला लागतो. म्हणजे आनंद पण कमी आणि ब्रेक पण ढिला, दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी.

इथे हुशार वाचक विचारतो की बाई, आधीपासूनच डी२ कमी असतील म्हणून तो कोकेनकडे वळला असं का नसेल? बरोबर प्रश्न. माणसावर हे तपासता येत नाही, कारण तो आपल्यापर्यंत येतो तेव्हा आधीच वर्षं गेलेली असतात. माकडांवर तपासता आलं. मायकेल नेडर यांच्या लॅबने माकडांचे स्कॅन कोकेन सुरू करायच्या आधी केले, मग सुरू केल्यावर, मग बंद केल्यावर, आणि ते २००६ मध्ये छापलं. उत्तर असं निघालं की दोन्ही खरं आहे. ज्यांचे डी२ मुळात कमी ती माकडं कोकेन जास्त घेत होती, आणि कोकेन सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच डी२ १५ ते २० टक्के खाली आले. बंद केल्यावरचा भाग घरच्यांनी नीट वाचावा असा आहे. आठवडाभरच घेतलेल्यांचे डी२ तीन आठवड्यांत पूर्ववत झाले. वर्षभर घेतलेल्या पाच माकडांपैकी तिघांचे ९० दिवसांच्या आत भरून आले आणि दोघांचे वर्ष झालं तरी आले नाहीत. म्हणून मी "तीन महिने" हा आकडा धरून प्लॅन करायला सांगते, पण नव्वदाव्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारून "झाला बरा" असं जाहीर करू नका म्हणून पण सांगते. कोणाचं लवकर भरतं, कोणाचं नाही, आणि जो मागे राहिला त्याने कमी मेहनत घेतली असा त्याचा अर्थ होत नाही. त्या दोन माकडांनी काही आळस केला नव्हता.

आता दुसरी बाजू, जी जास्त दगा देते. साध्या गोष्टींचा आनंद मंदावतो पण कोकेनशी जोडलेल्या खुणांना मेंदू उलट जास्त तिखट होतो. डी१ च्या बाजूची जोडणी कोकेनने पक्की होत जाते आणि ती रिसेप्टर भरून आले म्हणून पुसली जात नाही. २००६ मध्येच वोल्कोव यांच्या टीमने कोकेनचं व्यसन असलेल्या लोकांना नुसता कोकेनचा व्हिडिओ दाखवला तर स्ट्रायटमच्या वरच्या भागात डोपामिन वाढलं, आणि जेवढं वाढलं तेवढी ओढ जास्त. डोळ्यांनी पाहिलं फक्त, नाकात काही गेलं नाही. उंदरांवर २००१ मध्ये आणखी विचित्र गोष्ट दिसली, कोकेन बंद केल्यावर खुणेमुळे उठणारी ओढ पहिले दोनेक महिने कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली. म्हणजे घरच्यांना वाटतं महिना झाला, आता धोका टळला, आणि नेमकं तेव्हाच आपण पहारा सैल करतो.

तर करायचं काय.

पहिला आठवडा-दहा दिवस काहीही सुधारायला जाऊ नका. तो झोपेल, बारा-चौदा तास झोपेल, उठून राक्षसासारखं खाईल, चिडेल, परत झोपेल. झोपू द्या. दारूच्या विड्रॉवलमध्ये, म्हणजे बंद केल्यावरच्या त्रासात, फिट येऊन जीव जाऊ शकतो, कोकेनमध्ये सहसा तसं होत नाही, पण मन इतकं खाली जातं की जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. हे सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतंय का?" असंच विचारा, विचारल्याने डोक्यात येत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सायकिअॅट्रिस्ट गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं तर "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका, वय २८ असलं तरी. १०८ ला फोन, कळव्याच्या हॉस्पिटलला जा नाहीतर वाशीच्या, जे जवळ ते, आणि डॉक्टरला कोकेन घेतलं होतं हे स्पष्ट सांगा, कारण त्यावर कुठलं औषध द्यायचं आणि कुठलं टाळायचं ते बदलतं. लाज नंतर.

मग येतो तो लांब, बेचव पट्टा, दुसऱ्या आठवड्यापासून पुढे. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी मुलासमोर साबुदाण्याची खिचडी ठेवली, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड, लहानपणी ज्या खरवडीसाठी तो बहिणीशी भांडायचा ती पण वेगळी काढून ठेवलेली. तो चमचा फिरवत बसला आणि म्हणाला, "बरीये." काकू ओट्याशी उभ्या राहून रडल्या. मी त्यांना म्हटलं, काकू, हे "बरीये" आहे ना, हे तुमच्या खिचडीला नाहीये, पोचलीच नाही ती आत. घरात हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, आजीला पण, की पुढचे दोन-तीन महिने याच्या चेहऱ्यावरून काही मोजायचं नाही. आवडलं का, मजा आली का, बरं वाटतंय का आता, हे प्रश्न बंद. त्याऐवजी जेवलास का, झोपलास का, खाली जाऊन आलास का, एवढंच. त्याला स्वतःलाही हे माहीत पाहिजे, नाहीतर तो असा निष्कर्ष काढतो की कोकेनशिवाय आयुष्य हे असंच राहणार, आणि मग कशाला सोडायचं. परत घ्यायला लावणारा सगळ्यात मोठा विचार बहुतेक हाच असतो.

रात्रीच्या झोपेसाठी मात्र भांडा. एक रात्र पूर्ण जागवलेल्या धडधाकट माणसांच्या स्कॅनमध्येसुद्धा दुसऱ्या दिवशी डी२-डी३ कमी दिसले आहेत, मग ज्याचे आधीच कमी आहेत त्याने नाइट शिफ्ट करावी का? ऐरोलीच्या किंवा महापेच्या कंपनीत अमेरिकेच्या वेळेवर काम असेल तर डॉक्टरचं पत्र देऊन तीन महिने दिवसाची शिफ्ट मागा, पत्रात कारण सविस्तर लिहायची गरज नसते.

व्यायामाबद्दल पण एक नीट काम आहे, मेथॲम्फेटामिन सोडणाऱ्या लोकांवरचं, आठ आठवडे नियमित व्यायाम करणाऱ्यांचे डी२-डी३ न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले. कोकेनवरचं नाही ते, पण जातभाई आहे, आणि चालायला पैसे पडत नाहीत. जिमचं वार्षिक पॅकेज घेऊन देऊ नका, तो जाणार नाही आणि मग त्यावरून परत भांडण. सकाळी तलावपाळीला चार फेऱ्या, नाहीतर वाशीत सागर विहारला, बरोबर कोणीतरी जा, आणि चालताना लेक्चर देऊ नका. गप्प चाला.

बरोबर जा असं म्हणते त्याला पण आधार आहे. नेडर यांच्याच लॅबने २००२ मध्ये माकडांना एकटं ठेवून स्कॅन केलं, मग चार-चारच्या कळपात ठेवून केलं. कळपात ज्यांना मान मिळाला त्यांचे डी२ वाढले आणि त्यांनी कोकेन कमी घेतलं, आणि ज्यांना सारखं दबून राहावं लागलं त्यांचे वाढले नाहीत आणि ते कोकेनकडे जास्त गेले. माणूस माकड नाही, मान्य, पण चुलत्यांसमोर "याच्यामुळे घर विकायची वेळ आली" असं बोलायच्या आधी हे आठवा. त्याला घरात एखादं खरं काम द्या, ज्यावर बाकीच्यांचं अडतं. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब, आजोबांची डायलिसिसची ने-आण, असं काही. दया म्हणून दिलेलं काम लगेच कळतं.

आता खुणा. एक कागद घ्या आणि त्यालाच लिहू द्या की कशाने आठवण येते, तुम्ही अंदाज करू नका, तुमचे अंदाज फिल्मी असतात. काय काय निघतं बघा, येऊरकडे वळणारा रस्ता, एका ठराविक बारच्या बाथरूममधल्या फ्रेशनरचा वास, शनिवारची रात्र, एका मित्राच्या गाडीचा हॉर्न. आणि एक गोष्ट जी मी परत परत ऐकली आहे, पगाराचा मेसेज. महिनाअखेरीला दुपारी फोन टुंग करतो, बँकेचा एसेमेस येतो की रक्कम जमा झाली, आणि तळहाताला घाम सुटतो, पोटात ढवळतं, अजून मनात विचार पण आलेला नसतो. हे डी१ वाल्या जोडणीचं काम. तेव्हा पगार त्याच्या संमतीने, परत सांगते संमतीने, दुसऱ्या खात्यात वळवा, यूपीआयची रोजची मर्यादा अगदी कमी करा, पगाराच्या दिवशी संध्याकाळी घरात पाहुणे बोलवा नाहीतर त्याला घेऊन गावाला जा. नंबर डिलीट करणं पुरत नाही, सिम बदला. ऑफिसला जायचा रस्ता बदलता येत असेल तर बदला, ठाणे-वाशी लोकल पकडली तर येऊरचा फाटा लागतच नाही. ओढ आली तर ती लाटेसारखी चढते आणि उतरते, साधारण वीस-तीस मिनिटांत, तेवढा वेळ कोणाला तरी फोनवर धरून ठेवायचं, माणूस आधीच ठरवलेला पाहिजे, त्या क्षणी शोधायचा नाही.

दारू पूर्ण बंद, बिअर पण. "कोकेन सोडलं ना, एक बिअर घेऊ दे बिचाऱ्याला" असं म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो, त्याला बाजूला घ्या. एक तर दारू ही स्वतःच खूण असते, वर कपाळामागचा ब्रेक आधीच ढिला, आणि दोन्ही एकत्र गेलं तर लिव्हरमध्ये कोकाइथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं, जे कोकेनपेक्षा जास्त वेळ शरीरात राहतं आणि हार्टला जास्त घातक.

डोपामिन बूस्टर म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्या, कवचबीजाची पावडर, डोपामिन डिटॉक्सची रील, यावर पैसे घालवू नका. कवचबीजात एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते रसायन, असतं हे खरं, पण डोपामिन वाढवणारी औषधं डॉक्टरांनी कोकेनच्या व्यसनावर रीतसर देऊन पाहिली आहेत आणि त्याचा पुरावा काही उभा राहिला नाही. कोकेनच्या व्यसनासाठी म्हणून खास मान्यता मिळालेलं औषध आजही नाही. डॉक्टर डिप्रेशनसाठी, झोपेसाठी काही देतील, ते घ्या, पण मुख्य इलाज म्हणजे सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन), आणि लघवीची टेस्ट क्लीन आली की लगेच ठरलेलं छोटं बक्षीस. हे दुसरं ऐकून लोक हसतात, लहान मुलांसारखं बक्षीस काय, पण कोकेनवर सगळ्यात चांगला पुरावा याच पद्धतीचा आहे. मंदावलेल्या मेंदूला सहा महिन्यांनंतरचं प्रमोशन दिसत नाही, आज संध्याकाळचं दिसतं. कोकेनचं उरलेलं रसायन लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतं, खूप घेणाऱ्याचं जास्त, म्हणून टेस्ट आठवड्यातून दोनदा, आणि ती क्लिनिकने करावी, आईने बाथरूमबाहेर उभं राहून नाही.

कुठे जायचं? ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली, ठाण्याच्या मनोरुग्णालयात सरकारी ओपीडी आहे, पुण्यात १९८६ पासूनचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन. खाजगी केंद्र बघत असाल तर आधी नोंदणीचा कागद मागा, सायकिअॅट्रिस्ट आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा, आणि "आम्ही घरून उचलून नेतो" असं अभिमानाने सांगणाऱ्या केंद्राला नमस्कार करून बाहेर पडा.

पोलिसांच्या भीतीने खूप जण डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून हे पण. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यात कोकेन घेणं हा गुन्हा आहे, वर्षापर्यंत शिक्षा किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा लहान प्रमाणाच्या केसमध्ये खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कोकेनसाठी लहान प्रमाण म्हणजे २ ग्रॅम. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. केस झालीच असेल तर वकिलाला हे कलम नावाने विचारा.

आणि मध्येच घसरला तर? बरेच जण घसरतात. एका रात्रीने सगळे रिसेप्टर परत शून्यावर गेले असं होत नाही, पण "आता गेलंच सगळं" म्हणून तो पुढचे चार दिवस घेत बसला तर मात्र मागे जातं. त्यामुळे त्या रात्री कोर्ट भरवू नका. छातीचं बघा, पाणी द्या, झोपवा. सकाळी तो खुणांचा कागद परत काढा आणि त्यात काल काय राहून गेलं होतं ते त्यालाच लिहायला सांगा, मग क्लिनिकला फोन करून पुढची अपॉइंटमेंट अलीकडे घ्या.